नॉर्वेची बटाट्याची लेफ्से: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

रोज पोळ्या लाटणाऱ्याला लेफ्से सोपी वाटते आणि पहिल्याच खेपेला तिथेच घात होतो. लाटणं आहे, तवा आहे, उंडा आहे, मग वेगळं काय? पोळीच्या कणकेत आपण पाणी घालतो, ती मळतो, मुरू देतो. लेफ्सेच्या उंड्यात पाणी आधीपासूनच असतं, कारण बटाट्याच्या वजनाचा जवळजवळ ऐंशी टक्के भाग पाणीच आहे. त्यामुळे सगळी खटपट ते पाणी कमी करण्याची आणि उरलेलं पाणी जागच्या जागी ठेवण्याची. मळायचं जेमतेम, मुरवायचं अजिबात नाही.

लेफ्से ही नॉर्वेची पातळ, मऊ, तव्यावर तेलातुपाशिवाय भाजलेली पोळी. नॉर्वेत बटाटा रुजला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. गावोगावच्या धर्मगुरूंनी त्याचा इतका प्रचार केला, की त्यांना ‘बटाटा-पाद्री’ असंच नाव पडलं. त्याआधीची लेफ्से नुसत्या पिठाची असे, आणि पिठाची लेफ्से आजही तिथे होतेच. हार्दांगर भागातली लेफ्से गव्हाच्या पिठाची, वाळवून महिनोन्‌महिने ठेवायची. पूर्वी शेतावर वर्षभराची लेफ्से एकदम भाजली जाई. त्यासाठी ‘बाक्स्तेकोने’ म्हणजे भाजणकाम करणारी बाई एका घरून दुसऱ्या घरी जाई आणि चळती रचून कोठारात ठेवून देई. इथे मात्र फक्त बटाट्याच्या मऊ लेफ्सेबद्दल लिहिलं आहे, कारण नव्या माणसाने सुरुवात तिच्यापासूनच करावी. नाताळात तिथे हीच पोळी लोणी, साखर आणि दालचिनी लावून खातात.

काम दोन दिवसांचं धरा. पहिल्या दिवशी संध्याकाळी बटाटे उकडायचे, दुसऱ्या दिवशी लाटायचं. एका दिवसात उरकायचा मोह होतो, पण गरम किंवा कोमट बटाट्याची लेफ्से लाटता येत नाही.

साहित्य (साधारण वीस लेफ्से, प्रत्येकी 23-24 सेंटीमीटर)

सालासकट 1 किलो बटाटे, म्हणजे सोलून-उकडून 900 ग्रॅम लगदा
60 ग्रॅम बिनमिठाचं लोणी
60 मिलिलिटर घट्ट क्रीम, किंवा घोटून एकजीव केलेली 3 मोठे चमचे साय
8 ग्रॅम मीठ (सव्वा छोटा चमचा, लोणी खारट असेल तर निम्मं)
1 मोठा चमचा साखर
220 ते 250 ग्रॅम मैदा, शिवाय लाटताना लावायला वेगळा वाटीभर

वजनकाटा हवाच. बटाटे किलोभर घेतले तरी साल आणि वाफ जाऊन लगदा किती उरेल हे दर वेळी बदलतं, म्हणून मैद्याचा हिशेब लगद्याच्या वजनावर करायचा: लगद्याच्या साधारण पाव भाग. कणीक वापरून पाहू नका. कोंडा पाणी हळूहळू ओढतो आणि इतक्या पातळ लाटलेल्या पोळीला जागोजागी फाडतो. अंडं, सोडा, बेकिंग पावडर यातलं काहीही बटाट्याच्या लेफ्सेत पडत नाही.

बटाटा

पिठूळ बटाटा हवा, चिकट नको. उकडल्यावर भुसभुशीत होऊन साल जिथे फुटते तिथे पांढरा रवाळ दिसतो तो पिठूळ. सुरीने कापला तर गुळगुळीत, ओलसर चकाकतो तो चिकट. नॉर्वेत केर्स पिंक किंवा बेआते जातीचा घेतात, अमेरिकेत रसेट. आपल्याकडे बाजारात जातीचं नाव क्वचितच कुणी सांगतं. कुफ्री चिप्सोना किंवा वेफर्सचा बटाटा म्हणून जो मिळतो, तो सर्वांत चांगला, कारण त्यात पाणी कमी आणि पिष्ट जास्त. नवा, पातळ सालीचा, नखाने साल निघणारा बटाटा टाळा. शीतगृहातला गोडसर लागणारा बटाटाही टाळा. थंडीत बटाट्यातल्या पिष्टाची साखर होते, आणि ती साखर तव्यावर लेफ्से शिजायच्या आधीच करपते. ज्यांच्या लेफ्सेवर दर वेळी काळे डाग पडतात, त्यांनी आच कमी करण्याआधी बटाटा बदलून पाहावा.

उकडणं

बटाटे सालासकट, एकसारख्या आकाराचे घ्या. थंड पाण्यात घालून मंद उकळी आणा. मध्यम बटाट्याला 25 ते 30 मिनिटं लागतात. सुरी आरपार जायला हवी, पण बटाटा फुटायला नको. फुटलेला बटाटा पाणी पितो आणि ते पाणी उद्या मैद्याच्या रूपाने तुमच्याकडून वसूल करतो. कुकर लावणार असाल तर बटाटे पाण्यात बुडवू नका. कुकरच्या भांड्यात पाण्याशिवाय ठेवून वाफेवर शिजवा.

उकडले की पाणी काढून टाका आणि रिकामं पातेलं बटाट्यांसकट पुन्हा मंद आचेवर ठेवून दीड-दोन मिनिटं हलवत राहा. सालीवरचं पाणी उडतं. मग हाताला सोसवेल तितक्या गरम असतानाच सोलायचे.

लगदा

इथे आपल्या स्वयंपाकघरातली एक वस्तू नॉर्वेच्या खास यंत्राइतकीच कामाची आहे. तिकडे बटाटा दाबून बारीक भोकांतून काढायचं हत्यार असतं. आपल्याकडे शेवेचा सोऱ्या आहे. बारीक शेवेची चकती लावा, गरम बटाटा भरा आणि परातीत दाबून काढा. नंतर तो सगळा लगदा पुन्हा एकदा सोऱ्यातून काढा. दोनदा काढण्याचा कंटाळा करू नका. लाटताना मुगाच्या दाण्याएवढी गाठही पुरते: लाटणं तिच्यावरून जातं, गाठ तिथेच राहते, आणि भोवती भोक पडतं. पुरणयंत्रही चालतं, पण बटाटा भरभर पुढे ढकला, तेच तेच घोटत बसू नका. मिक्सरला मात्र हात लावायचा नाही. पात्यांनी बटाट्याच्या पेशी फुटतात, आतलं पिष्ट मोकळं सुटतं आणि पाच सेकंदांत खळ तयार होते. त्या खळीला कितीही मैदा घातला तरी ती पुन्हा वळणीवर येत नाही.

लगदा गरम असतानाच लोणी, साय किंवा क्रीम, मीठ, साखर घालून लाकडी चमच्याने हलकं मिसळा. लोणी विरघळलं की थांबा. परातीत दोन बोटं जाडीचा थर पसरा आणि वाफ पूर्ण जाऊ द्या, अर्धा-पाऊण तास लागेल. गरम असताना झाकण ठेवलंत तर झाकणाला सुटलेलं पाणी परत लगद्यातच पडेल. गार झाल्यावर वर सुती कापड टाकून परात फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा.

रात्रभर का, तर थंडीत बटाट्याचं पिष्ट पुन्हा घट्ट बसतं, पाणी धरून ठेवतं आणि लोणीही गोठतं. सकाळी लगदा बोटाने दाबला तर खाच पडायला हवी आणि बोट कोरडं निघायला हवं.

मैदा आणि गोळे

मैदा लाटायला बसण्याच्या अगदी आधी घालायचा. यात सगळ्यांची चूक होते, कारण हात पोळीच्या सवयीने कणीक आधी तिंबून ठेवतो. मैदा पडला की तो बटाट्यातलं पाणी ओढायला लागतो, मिठामुळे ते आणखी सुटतं, आणि तासाभरात छान घट्ट असलेला गोळा हाताला चिकटू लागतो. मग माणूस आणखी मैदा घालतो, लेफ्से जाड आणि चिवट होते, आणि दोष बटाट्याला देतो.

म्हणून लगद्याचे दोन भाग करा. एक फ्रिजमध्येच राहू द्या. दुसऱ्या भागात (साधारण 500 ग्रॅम) 110 ग्रॅम मैदा चाळून घाला आणि तळहाताने दाबत एकत्र करा. दीड मिनिट, फार तर दोन. गोळा गुळगुळीत दिसला, हाताला न चिकटता परातीतून सुटून आला, की पुरे. चिकटत असेल तर आणखी 10 ते 15 ग्रॅम मैदा घाला, त्याहून जास्त नको. याच्या 60-60 ग्रॅमच्या दहा गोळ्या करा. प्रत्येक गोळी तळहातांत घट्ट वळा, एकही भेग दिसता कामा नये, कारण गोळीच्या कडेची भेग म्हणजे लाटल्यावर बोटभर फाटलेली कड. मग गोळी दाबून चपटी करा, ताटात मांडा, ताट फ्रिजमध्ये ठेवा आणि एकेक काढून लाटा. हे दहा संपले की उरलेल्या लगद्याला मैदा लावा.

लाटणं

पोळपाट लहान पडतो. ओट्यावर मांजरपाटाचं स्वच्छ धुतलेलं कापड ताणून पसरा, कडा चिकटपट्टीने किंवा वजन ठेवून पक्क्या करा आणि त्यात मूठभर मैदा तळहाताने चोळून जिरवा. कापडाच्या विणीत बसलेला मैदा हळूहळू सुटत राहतो, त्यामुळे वरून भुरभुरावा लागत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन घरांत लाटण्यालाही कापडी मोजा चढवतात. मैदा चोळलेला सुती मोजा चालेल, मात्र तो फक्त याच कामाचा. नॉर्वेचं पारंपरिक लाटणं खाचांचं असतं. खाचांमुळे उंड्याला टेकणारा भाग कमी होतो आणि तो चिकटत नाही. ते नसलं तरी अडत नाही.

लाटताना जोर नको. मध्यापासून कडेकडे, प्रत्येक फेरीनंतर थोडी फिरवून. अर्धी लाटून झाली की एकदा उलटा, खाली पुन्हा मैदा लावा. नंतर उलटायची नाही. कडेवरून लाटणं खाली उतरू देऊ नका, नाहीतर कड कागदासारखी पातळ होऊन आधी करपते. जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास हवी. खालच्या कापडाची वीण अंधूक दिसू लागली की थांबा. पुरणपोळीसारखी तांदळाची पिठी लावली तर लाटायला सोपं जातं हे खरं, पण लेफ्से खरखरीत होते आणि गार झाल्यावर कडा मोडतात. पहिल्या दोन-तीन खेपांना पिठी चालवून घ्या, पुढे मैद्यावर या.

उचलायला नॉर्वेत लांब, पातळ, चपटी लाकडी पट्टी असते. लाकडी फूटपट्टी घासून, धुऊन, कडा मऊ करून तीच वापरता येते. मैदा लावलेली पट्टी लेफ्सेच्या मधोमध खालून सरकवा, उचला, दोन्ही बाजू ओल्या धोतरासारख्या लोंबू द्या, आणि तव्यावर एक बाजू टेकवून दुसरी उलगडत सोडा. पुरणपोळी लाटण्यावर गुंडाळून तव्यावर टाकायची सवय असेल तर तेही चालेल.

भाजणं

नॉर्वेतल्या मोठ्या गोल तव्याला ‘ताक्के’ म्हणतात. आपल्याकडे बिडाचा जाड, सपाट, किमान 26 सेंटीमीटरचा तवा घ्या. खोलगट तव्यात कडा तव्याला टेकत नाहीत आणि कच्च्या राहतात. तवा कोरडा हवा. तेल, तूप, लोणी काही नाही. उष्णता 220 ते 240 अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर पाण्याचा थेंब टाका. थेंब जागीच चुरचुरून आटला तर तवा अजून तापायचाय, मणी होऊन पळाला तर झाला. बिडाचा तवा मध्यम आचेवर दहा मिनिटं तरी तापवा. आणि पहिल्या घावनासारखी पहिली लेफ्से तव्याच्या नावाने सोडून द्या. तिच्यावरूनच आच ठरवायची.

पहिली बाजू 45 ते 60 सेकंद. पृष्ठभाग मंद होतो, बारीक फुगे येतात, आणि कड उचलून पाहिलं तर खाली फिके तपकिरी ठिपके दिसतात. उलटा, दुसरी बाजू 30 ते 40 सेकंद. उलटायचं एकदाच. मोठा फुगा आला तर पट्टीच्या टोकाने टोचा. फुलक्यासारखी फुगवायची नाही, कापडाने दाबायचीही नाही. पहिल्या बाजूला दीड मिनिटाहून जास्त लागत असेल तर तवा गार आहे. अशी लेफ्से शिजण्याऐवजी वाळते आणि गार झाल्यावर पापडासारखी मोडते. नवखे लोक करपायच्या भीतीने आच कमी ठेवतात, आणि कडक लेफ्सेचं सर्वांत मोठं कारण तेच असतं.

दर लेफ्सेनंतर तव्यावरचा सांडलेला मैदा कोरड्या कापडाने पुसून घ्या. तो मैदा जळतो आणि पुढच्या लेफ्सेला कडू वास लागतो.

तव्यावरून काढलेली लेफ्से थेट सुती टॉवेलच्या घडीत घालायची. दुसरी तिच्यावर, तिसरी तिच्यावर, वरून पुन्हा टॉवेल. काढल्याबरोबर कडा थोड्या कडक लागतील, घाबरू नका. चळतीत एकमेकींच्या वाफेने त्या दहा मिनिटांत रुमालासारख्या मऊ होतात. उघड्यावर ठेवलेली लेफ्से मात्र मऊ होत नाही. चळत पूर्ण गार होईपर्यंत टॉवेलातच राहू द्या, मधून एकदा वरची खाली करा. गरम चळत डब्यात भरली तर दुसऱ्या दिवशी खालच्या चार एकमेकींना चिकटून लगदा झालेल्या सापडतात.

काय बिघडलं ते ओळखणं

लाटताना चिकटते: लगदा पुरेसा गार नव्हता, किंवा मैदा घालून वेळ गेला. उंडा वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. लगेच मैदा वाढवू नका.

कडा फाटतात: गोळी नीट वळलेली नाही, किंवा मैदा जास्त झालाय. दुसऱ्या कारणाला उपाय नाही. त्या गोळ्या थोड्या जाड लाटा आणि खाली सांगितलेले लोम्पे करा.

उचलताना मधोमध तुटते: बहुधा बटाटा पाणथळ. फाटलेली लेफ्से गोळा करून पुन्हा लाटली तर एकदाच चालते, तीही शेवटी, कारण तिच्यात कापडावरचा मैदा गेलेला असतो.

चव कच्च्या मैद्याची: वरचा मैदा झटकलेला नाही. तव्यावर टाकण्याआधी मऊ ब्रशने झटका.

खायची कशी

गार किंवा जेमतेम कोमट. मऊ लोणी कडेपर्यंत पातळ लावा, छोटा चमचाभर दाणेदार साखर, चिमूटभर दालचिनी, मग गुंडाळी करून तिरकी कापा. पिठीसाखर नको, साखरेचे दाणे दाताखाली यायला हवेत. लोणी लावून फार वेळ ठेवलं तर साखर विरघळून लेफ्से ओली होते, म्हणून खायच्या आधी अर्धा तास भरली तरी पुरे.

दुसरी जोडी ब्रुनोस्टची, म्हणजे तपकिरी चीजची. चीज करताना सुटलेली निवळी साय घालून आटवत आटवत तपकिरी, गोडसर-खारट होईपर्यंत नेतात. 1863 साली गुद्ब्रान्सदालन खोऱ्यातल्या आन्ने होव्ह हिने त्यात साय घालायला सुरुवात केली, आणि आजचं रूप तेव्हापासूनचं. त्याचे काप लेफ्सेइतकेच पातळ हवेत, त्यासाठी नॉर्वेत खास चीजचा रंधा वापरतात. तो लिलेहामरच्या थोर ब्योर्क्लुंड या सुताराने 1925 साली काढला. रंधा नसेल तर बटाट्याची साल काढायचं सोलाणं चालवा. नाताळच्या जेवणात हीच लेफ्से बिनसाखरेची, लुटेफिस्क म्हणजे क्षारात भिजवलेल्या सुक्या कॉड माशाबरोबरही घेतात.

टॉवेल आणि प्लास्टिक पिशवीत फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते. फ्रीझरमध्ये दोन महिने, मात्र घडी करून, प्रत्येक दोन लेफ्सेंमध्ये बटर पेपर घालून. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीतल्या हवेत वितळू द्या, मग गरम तव्यावर प्रत्येक बाजूला पाच-सात सेकंद.

लोम्पे: उरलेल्या लगद्याचा मार्ग

लेफ्सेची धाकटी, जाडसर बहीण म्हणजे लोम्पे. नॉर्वेत रस्त्यावरच्या दुकानांत उकडलेलं सॉसेज पावाऐवजी हिच्यात गुंडाळून मिळतं. यात लोणी नाही, साय नाही, साखर नाही: 900 ग्रॅम लगदा, 8 ग्रॅम मीठ, 180 ते 200 ग्रॅम मैदा. जेवणात उरलेले उकडलेले बटाटेही चालतात, आणि लगदा रात्रभर न ठेवता पूर्ण गार झाला तरी पुरतो. 70 ग्रॅमच्या गोळीची 15-16 सेंटीमीटरची, साधारण तीन मिलिमीटर जाड लोम्पे लाटा आणि लेफ्सेपेक्षा किंचित कमी आचेवर प्रत्येक बाजूला दीड मिनिट भाजा. जाडीमुळे फाटत नाही, हातानेच उचलता येते, साधा पोळपाट पुरतो. लेफ्सेच्या आधी एकदा ही करून पाहिली तर बटाट्याचा उंडा हाताखाली कसा वागतो ते कळतं, आणि मांजरपाट ताणायच्या आधीच निम्मी चूक करून झालेली असते.